गरम झाल्यावर

सातपूरला, पपया नर्सरीच्या सिग्नलपासून आत
तिसऱ्या गल्लीत माझं पत्र्याचं दुकान.
दमयंतीबाई घोलप आल्या तेव्हा गाडी थंड होती,
म्हणजे चांगली होती.
सकाळी सगळ्याच गाड्या चांगल्या असतात.

हातात घडी घातलेलं कोटेशन:
गिअरबॉक्स उतरवणे, उघडणे, बदलणे,
एक लाख अठरा हजार, टॅक्स वेगळा.
"डाव्या गुडघ्यात स्टील बसवलंय," म्हणाल्या,
"क्लच नको म्हणून ऑटोमॅटिक घेतली.
आता तीच तिसऱ्या गिअरला अडून बसते."

कधी?
"गरम झाल्यावर."
आणि त्याआधी काही?
त्यांनी माझ्या बाकावर नख वाजवलं.
टक्-टक्.
"डॅशबोर्डामागे. पूर्वी चावी फिरवली की एकदाच यायचा.
शोरूममध्ये सांगितलं.
ते म्हणाले, मॅडम, रेडिओ लावत जा."

एकतीस वर्षं त्या नाशिकरोडला, नोटांच्या प्रेसमध्ये,
नंबर पडतो त्या मशीनवर.
शिक्का केसभर सरकला
तर आधी कानाला कळायचं,
डोळा मागून यायचा.

मग आम्ही निघालो, गाडी बिघडवायला.
मे महिना, दुपारचा एक,
काचा वर, एसी बंद,
त्र्यंबक रोड.
मांडीवर मीटर, त्याच्या वायरी डॅशच्या पोटात.
तेरा पूर्णांक आठ.
तेरा पूर्णांक आठ.
बेळगाव ढगा मागे पडलं, तरी तेरा पूर्णांक आठ.
घाम डोळ्यांत उतरतोय आणि मी मनात घोकतोय,
ये ना बाई, एकदाची ये.
लोक नारळ फोडतात बिघडू नये म्हणून.
माझ्या धंद्यात नवस उलटा.

महिरावणीच्या अलीकडे म्हशी आडव्या आल्या.
ब्रेक.
टक्-टक्.
"हा!" दोघंही एकदम.
मीटरवर शून्य,
आणि गाडी अशी ओढायला लागली
जणू मागे कुणी नांगर बांधलाय.

कडेला चिंचेखाली त्यांनी विचारलं,
रिले म्हणजे नक्की काय हो?
म्हटलं, चिमूटभर करंट गुंडाळीत शिरतो,
लोखंडाला जवळ ओढतो,
आणि तेवढ्या आधारावर
मोठा करंट पलीकडे जातो.
"म्हणजे आमच्याकडचा बाबूराव शिपाई," त्या म्हणाल्या,
"साहेबाची चिठ्ठी त्याने पोचवली
की मग मशीन हलणार."

बाबूरावापर्यंत वीज येत होती.
हुकूमही येत होता, अर्थिंग शाबूत.
पुढे काहीच जात नव्हतं.

दुकानात परतून डबीचं टोपण उचकटलं.
काडेपेटीहून लहान.
भिंगाखाली, गुंडाळीच्या पायाशी,
कथिलाच्या टाक्याभोवती गोल चीर.
थंड असताना ऐंशी ओहम, अगदी सभ्य.
ब्लोअरची गरम हवा मारली,
आकडा थरथरला, मग गेलाच.
गार होऊ दिला.
परत ऐंशी.
असं तीनदा केलं. खरं तर एकदा पुरलं असतं.

"एवढंच?"
एवढंच.
मला वाटलं हसतील. हसल्या नाहीत.
"चार महिने मी त्या गिअरबॉक्सला शिव्या देतेय,"
म्हणाल्या, आणि बॉनेटवर हात ठेवून
लगेच काढून घेतला, पत्रा तापलेला होता.

नवा रिले दोनशे ऐंशी, मजुरी पाचशे.
माझ्याकडे बघतच त्यांनी नोटा मोजल्या,
बोटं आपापली चालत होती.
जुना रिले मागून घेतला.
कशाला, ते मी विचारलं नाही.

गल्लीच्या तोंडाशी थोडा चढ आहे.
तिथे गाडीने पहिला सोडून दुसरा कधी घेतला
हे ऐकायला मी कान देऊन उभा होतो,
तेवढ्यात शेजारच्या शेडमध्ये
वेल्डिंग सुरू झालं.